नांवलौकिक आणि नायकत्व

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांतलें मराठी वृत्तपत्र उघडावें. मद्य पिऊन वाहन हांकणाऱ्यांस पोलिसांनीं पकडल्याच्या बातमींत ‘तळीराम’ हा शब्द बहुधा आढळतोच. राम गणेश गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यास शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, तरी हें नाटक कधीं न वाचलेल्यांच्याही तोंडीं त्यांतील या पात्राचें नांव आहे. एवढी प्रसिद्धि लाभलेलीं पात्रें मराठींत थोडींच. परंतु नाटकाचा नायक तळीराम नव्हे, सुधाकर आहे. आणि व्यसनी मनुष्यास ‘सुधाकर’ असें कोणी म्हणत नाहीं. हा केवळ योगायोग नसावा.

विशेषनामाचें सामान्यनाम केव्हां होतें? त्यामागील माणसाची गरज उरत नाहीं तेव्हां. तळीरामास नाटकांतून अलगद उचलून कोणत्याही बैठकींत नेऊन बसवावें. त्याचें कांहीं बिघडत नाहीं. आर्यमदिरामंडळाचा हा आधारस्तंभ जसा येतो तसाच जातो. त्याच्या आजारपणांत डॉक्टर आणि वैद्य भांडूं लागतात, तेव्हांही आपण हंसतोंच. हें करूं कीं तें करूं, असा प्रसंग त्याच्यावर कधीं येत नाहीं. त्याला प्रेक्षक मिळाले कीं पुरे.

सुधाकराचें तसें नाहीं. तो बुद्धिमान् वकील आहे. सनदेवर आलेलें गंडांतर आणि अपमान विसरण्यासाठीं तो पहिला प्याला ओठांस लावतो. पुढें तो दारू सोडतो, नोकरीसाठीं ओळखीच्यांकडे जातो, आणि अवहेलना पदरीं पडतांच पुन्हां प्यालाच जवळ करतो. नायकत्वाचें मर्म आम्हांस येथें दिसतें. तो हरतो खरा, पण हरण्यासाठीं आधीं झुंजावें लागतें. आपण काय गमावीत आहों हें त्याला कळतें, आणि कळूनही पाय घसरतो. म्हणूनच त्याची अधोगति आपल्याला परकी वाटत नाहीं. त्याला सिंधूपासून, तान्ह्या मुलापासून, घरापासून तोडून पाहावें. उरेल तो केवळ एक दारुड्या.

मग सिंधूचें काय, असें कोणी विचारील. बालगंधर्वांनीं ही भूमिका गाजविली आणि पतिव्रतेचा आदर्श म्हणून तिचा लौकिक घरोघर पोंचला. मरतांना फौजदारापुढें खोटें बोलून ती मारणाऱ्या पतीस वांचवूं पाहते, या प्रसंगावर तिची कीर्ति मुख्यतः उभी आहे. आजच्या वाचकास तो प्रसंग रुचेलच असें नाहीं, आणि न रुचल्यास दोष वाचकाचा नव्हे. आमच्या मतें तिचें मोठेपण त्याआधींच, दळण दळून ती मुलाला जगवूं पाहते तेथें सिद्ध झालें आहे. तेथें कीर्तीचा प्रश्नच नाहीं. चूल पेटण्याचा आहे.

पहिल्या प्याल्याविषयीं सावध करण्यासाठीं लिहिलेल्या नाटकांतून समाजानें नांव उचललें तें प्याला पुढें करणाऱ्याचें, आणि तेंही हंसत हंसत. ज्या घरांत रोज संध्याकाळीं दाराकडे धास्तीनें पाहिलें जातें, त्या घरास तें नांव विनोदी वाटत नसेल. त्या घरांत तळीराम नसतो, सुधाकर असतो.