‘कंजेक्चर’ म्हणजे अनुमान नव्हे

जुन्या कागदपत्रांच्या प्रस्तावनांत व टीपांत इंग्रजींतील ‘कंजेक्चर’ या शब्दासाठीं ‘अनुमान’ हा प्रतिशब्द योजिलेला पुष्कळदां आढळतो. ही चूक केवळ शब्दाची नसून प्रमाणाची आहे; म्हणून तिचा परामर्श घेणें अवश्य वाटतें.

शब्द मूळ लॅटिन. ‘एकत्र टाकणें’ हा त्याचा धात्वर्थ. तुटक गोष्टी जुळवून बांधलेला अंदाज, हा आशय. इंग्रजींत ‘गेस’ हा शब्द बोलण्यांतला, ‘कंजेक्चर’ ग्रंथांतला. परंतु प्रौढ वेष चढविल्यानें अंदाजाचें प्रमाण होत नाहीं.

न्यायशास्त्रांत अनुमान हें चार प्रमाणांपैकीं एक. धुरावरून अग्नि जाणतांना हेतु डोळ्यांपुढें असतो व व्याप्ति निश्चित असते. तर्क हा मात्र गौतमानें प्रमाणांहून निराळा पदार्थ गणिला आहे; तो प्रमाणास साह्य करितो, स्वतः निर्णय देत नाहीं. ‘कंजेक्चर’चें स्थान अगदीं तेंच नसलें तरी याच्याच जवळचें. सबब ‘तर्क’ किंवा ‘अटकळ’ म्हणावें, अनुमान म्हणूं नये.

मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सामान्यतः पाळीत नाहींत. तेव्हां एखादा शब्द ‘दिन’ कीं ‘दीन’ हें संदर्भावरून ठरविणें, हें अनुमान. तेथें अक्षरें समोर आहेत. परंतु कसरीनें खाल्लेल्या जागीं संपादकानें एखादें नांव घालणें, हें ‘कंजेक्चर’. कंस गाळून तें छापलें, कीं पुढील लेखक तेंच पुरावा म्हणून उद्धृत करितो, आणि अटकळीचा इतिहास होतो.

रिचर्ड बेंटले या इंग्रज पंडितानें १७३२ सालीं मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ काव्यांत, एका कल्पित संपादकावर दोष ठेवून, शेंकडों फेरफार सुचविले. ते विद्वानांनीं अमान्य केले. पण समासांत व टीपांत छापिलेले असल्यामुळें मूळ काव्य शाबूत राहिलें. आपल्याकडे भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत (आदिपर्व, १९३३) डॉ. सुकठणकरांनीं संपादकानें सुधारलेला पाठ तारकाचिन्हानें व संशयित पाठ नागमोडी रेघेनें दाखविला आहे. हाच शिरस्ता अनुकरणीय होय.

संग्राहकांस विनंति इतकीच, कीं नकल करितांना फाटलेली जागा रिकामी ठेवावी, गेलेल्या अक्षरांची अदमासें संख्या नोंदावी, आणि आपला तर्क कारणांसह टीपेंत द्यावा. पुढेंमागें दुसरी प्रत सांपडली, तर ती रिकामी जागाच खरें वाचन दाखल करून घेईल. भरलेली जागा तें नाकारील.