नव्या जातीचे लक्षण: पाणभुंगेऱ्यांच्या वर्णनशैलीविषयी

प्राणिशास्त्रीय नियतकालिकांत ‘नव्या जातीचे वर्णन’ म्हणून जो मजकूर प्रसिद्ध होतो, त्याच्याकडे गद्याचा एक प्रकार म्हणून सहसा कोणी पाहत नाही. क्रियापदे जवळजवळ नाहीत, विशेषणांची रांग लागलेली, डोक्यापासून उदराच्या टोकापर्यंत ठरलेल्या क्रमाने जाणारे तुटक वाक्यांश. अशा लेखनात अभ्यासण्याजोगे काय असणार, असे भाषेच्या अभ्यासकास वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ज्यातील शब्दांवर एखाद्या नावाची ग्राह्यता अवलंबून असते असे गद्य फार थोडे; आणि हे त्यांपैकी एक होय.

आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेचा दंडक असा की, 1930 नंतर प्रसिद्ध झालेल्या नव्या जातीच्या नावासोबत, तिला इतरांपासून वेगळी करणारी लक्षणे शब्दांत सांगणारे वर्णन असावे, किंवा तशा प्रसिद्ध वर्णनाचा निर्देश असावा. नुसते चित्र पुरत नाही. 1999 नंतरच्या नव्या जातींसाठी नामधारक नमुन्याचा स्पष्ट निर्देशही आवश्यक झाला. म्हणजे नाव कोणाचे, हे नमुना ठरवितो. तो इतरांहून वेगळा कसा, हे शब्द सांगतात. हे दुसरे काम शब्द खरोखर करतात काय, हा येथे विचारार्थ प्रश्न आहे.

पाणभुंगेऱ्यांचे हायड्रोफिलिडी हे कुल या विचारासाठी विशेष उपयुक्त आहे. या कुलातील एका मोठ्या काळ्या भुंगेऱ्याला लिनीअसने 1758 मध्ये ‘पिसियस’, म्हणजे डांबरासारखा काळा, हे नाव दिले आणि त्याची गणना डायटिस्कस या प्रजातीत केली. हायड्रोफिलस ही स्वतंत्र प्रजाती जॉफ्रॉयने 1762 मध्ये मानली. चार-पाच सेंटिमीटर लांबीच्या या कीटकाचे शृंगिका, गुळगुळीत अंग आणि छातीखालचा काटेरी कणा एवढ्यावर लिनीअसने केलेले वर्णन त्या काळी पुरेसे होते, कारण ज्यांच्यापासून त्याला वेगळे काढावयाचे ते सगेसोयरेच ज्ञात संख्येने थोडे होते. तोच तोकडा मजकूर आज, या कुलातील हजारो जाती ज्ञात असताना, पुरणार नाही. शब्द तेच राहिले. त्यांची भेदकता मात्र भोवतालच्या शब्दव्यवस्थेबरोबर पालटली.

अडचण खरी दिसते ती अगदी लहान जातींच्या बाबतीत. व्हेनेझुएलातील आमाझोनास राज्यातून 2007 मध्ये शॉर्ट आणि गार्सिया यांनी टोबोकॅरिस सल्काटस या जातीचे वर्णन केले. सुमारे 2 मिलिमीटर लांबीच्या अशा भुंगेऱ्यांविषयी तपकिरी, फुगीर, अंडाकृती, चकचकीत ही विशेषणे योजली, तर ती खोटी नसतात. परंतु तीच शेकडो जातींना लागू पडतात. नैयायिकांच्या परिभाषेत हा अतिव्याप्तीचा दोष होय. शिंगे असणे हे गायीचे लक्षण होऊ शकत नाही, कारण ती म्हशीलाही असतात. गळ्याखालची पोळी हेच तिचे लक्षण. भुंगेऱ्याच्या वर्णनात शिंगे पुष्कळ आणि पोळी एखादीच, असे वारंवार घडते.

सल्काटस या नावाचा अर्थ ‘खोबणी असलेला’. प्रजाती व जाती एकाच वेळी नव्या म्हणून मांडल्या गेल्या असल्याने, खोबण प्रजातीचे लक्षण मानावे की जातीचे, याचा निर्णय त्या क्षणी तर्काने होऊ शकत नव्हता. एकच रूप हाती असलेल्या भाषेत कोणता ध्वनिभेद अर्थभेदक आहे हे सांगता येत नाही, तसेच हे. पुढे आणखी जाती सापडल्या, 2017 मध्ये या प्रजातीचा पुनरभ्यास प्रसिद्ध झाला, आणि तुलनेला आधार मिळाला. वर्णनातील प्रत्येक लक्षण हे अशा रीतीने तात्पुरते असते. दुसरी जाती येईपर्यंतच ते पूर्ण असते.

या कुलातील अनेक प्रजातींत जातिभेदाची खरी खूण नराच्या जननेंद्रियाच्या आकारात असते. तो आकार शब्दांत मांडणे कठीण म्हणून लेखक चित्र देतो, आणि शब्द एक उपचार उरतो. मग नुसती मादी हाती आली तर ओळख अडून राहते. यावरून शब्दांची अट कालबाह्य झाली, असा निष्कर्ष काही अभ्यासक काढतील. तो मान्य करण्याजोगा नाही. छायाचित्र सर्व काही दाखविते, पण त्यांपैकी काय महत्त्वाचे हे सांगत नाही. ‘या जातीपेक्षा ती जाती अमुक बाबतीत वेगळी’ हे विधान चित्र करू शकत नाही. निषेध, तुलना आणि प्राधान्य ही भाषेचीच सामर्थ्ये आहेत.

तेव्हा दोष अटीचा नसून ती पाळण्याच्या रीतीचा आहे. पूर्वीच्या वर्णनाचा साचा समोर ठेवून, क्रम व विशेषणे तशीच उचलून, मोजमापे तेवढी बदलण्याची सवय या लेखनाला लागली, की वर्णन वाढते आणि लक्षण हरवते. जे वर्णन आपल्या सर्वांत जवळच्या जातीचे नाव प्रारंभीच घेते आणि दोघींतील भेद एका वाक्यात मांडते, तेच संहितेचा हेतू पूर्ण करते. बाकीचा तपशील त्यामागून येऊ शकतो.

नावाकडून मात्र एवढी अपेक्षा करू नये. पाणभुंगेऱ्यांपैकी काही पाण्यात न राहता शेणात राहतात; तरीही कुलाचे नाव ‘जलप्रिय’ याच अर्थाचे आहे, आणि अनुचित अर्थामुळे नाव रद्द होत नाही, हे संहितेलाही मान्य आहे. नाव केवळ निर्देश करते. लक्षण सांगण्याचे ओझे वर्णनाचे आहे, आणि ते त्याने टाळले तर उचलण्यास दुसरे कोणी नाही.