दशांशचिन्ह कोणी हलवले?

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हांला अधूनमधून येतो. प्रकल्पाची वही हाती आली की आम्ही प्रथम तिचे शेवटचे पान उघडतो. तेथे ‘संदर्भ’ या मथळ्याखाली बहुधा तीन ओळी असतात : पाठ्यपुस्तक, एखाद्या पुस्तकाचे नाव आणि ‘इंटरनेट’. पत्ता विचारल्यावर कोणी नुसते ‘महाराष्ट्र’ असे सांगावे, तसाच हा प्रकार. तरीही या पानाला गुण मिळतात, कारण आम्ही पाहिलेल्या बहुतेक गुणतक्त्यांत ‘संदर्भसूची : आहे / नाही’ एवढाच रकाना असतो.

यावर उपाय म्हणून काही शिक्षक मुलांना संदर्भांची उतरंड शिकवतात. शोधपत्रिका सर्वांत वर, मग पुस्तके, त्याखाली वर्तमानपत्रे आणि तळाशी संकेतस्थळे. ही उतरंड निरुपयोगी नाही. पण तेवढ्यावर थांबले तर फसगत होते. हे आम्ही स्वतःच्या फजितीतून शिकलो.

एका शाळेत बोलताना आम्ही पालकाची प्रसिद्ध गोष्ट सांगितली. पालकात भरपूर लोह असते हा समज एका चुकीतून आला; एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांच्या हातून दशांशचिन्ह एक घर उजवीकडे सरकले, लोह कागदावर दहापट झाले, आणि त्या भरवशावर पॉपाय पालकाचे डबे रिचवू लागला. मुले हसली. नववीतल्या एका मुलीने मात्र हात वर केला. “सर, त्या शास्त्रज्ञांचं नाव काय? आणि ती चूक कुठे छापली आहे?” आम्हांला काहीच सांगता येईना. “पुढच्या वेळी सांगतो,” असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली आणि घरी येऊन शोधाला लागलो.

ही गोष्ट सांगणारे लेखक बहुधा एकाच ठिकाणी बोट दाखवतात. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या १९८१ च्या नाताळ अंकात टी. जे. हॅम्ब्लिन या रक्तविकारतज्ज्ञांनी ती लिहिली होती. पत्रिका नामांकित, लेखक जाणकार. पण त्या विधानाला आधार म्हणून कोणताही संदर्भ दिलेला नव्हता. पुढे २०१० मध्ये माइक सटन या ब्रिटिश गुन्हेशास्त्रज्ञाने या गोष्टीचा माग काढला, तेव्हा दशांशचिन्हाच्या चुकीचा पुरावा कोठेच मिळाला नाही. उलट १९३२ च्या चित्रमालिकेत खुद्द पॉपाय पालकाचे श्रेय लोहाला नव्हे, तर ‘अ’ जीवनसत्त्वाला देत होता असे आढळले! नॉर्वेचे ओले ब्योर्न रेकडाल यांनी २०१४ मध्ये ‘सोशल स्टडीज ऑफ सायन्स’ या पत्रिकेत अशा दंतकथा विद्वानांच्या लेखनात कशा पसरतात हे दाखवले. एकाने लिहिलेले दुसरा मूळ लेख न उघडता उचलतो आणि तिसरा दुसऱ्याचे. सूची लांबत जाते, पुरावा मात्र वाढत नाही. गंमत अशी, की ‘आकडे तपासून घ्या’ हा उपदेश करण्यासाठीच ही न तपासलेली गोष्ट सांगितली जात होती. आम्हीही तेच केले होते.

येथे वर्गात करण्याजोगे एक गणित आहे. १०० ग्रॅम ताज्या पालकात साधारण ९१ ग्रॅम पाणी आणि सुमारे ३ मिलिग्रॅम लोह असते. पाणी काढून टाकले की उरलेल्या ९ ग्रॅममध्ये तेच ३ मिलिग्रॅम लोह राहते. म्हणजे वाळवलेल्या पालकाच्या १०० ग्रॅमला सुमारे ३३ मिलिग्रॅम! दशांशचिन्हाला हात न लावता आकडा दहापटीहून वाढला. तेव्हा आकड्यासोबत ‘कशाचे १०० ग्रॅम?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. मात्र गैरसमज याच घोटाळ्यातून जन्मला असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणायला पुन्हा पुरावा लागेल.

हा केवळ विद्वानांचा खेळ नव्हे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. पालकातले लोह शरीरात फार थोडे शोषले जाते. रक्तक्षय झालेल्या मुलीला लोहाच्या गोळ्यांऐवजी नुसती पालकाची भाजी सुचवणारा लेख आणि तसे न करणारा लेख यांतला फरक तिला ओळखता यावा, यासाठी हा सारा खटाटोप.

आमची सूचना साधी आहे. दहा संदर्भांची यादी मागण्याऐवजी प्रकल्पातले एकच विधान निवडायला सांगावे आणि त्याचा माग जाईल तेथपर्यंत काढायला लावावा. हे प्रथम कोणी म्हटले? त्याने स्वतः मोजले, की ऐकीव लिहिले? मोजले असल्यास कसे, आणि किती नमुन्यांवर? यासाठी मोठे ग्रंथालय लागतेच असे नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत ५२८ भारतीय खाद्यपदार्थांची माहिती आहे, आणि नमुने कसे गोळा केले तेही तेथे वाचता येते. पाठ्यपुस्तकातला एखादा आकडा त्याच्याशी ताडून पाहिला तरी एक तासिका सार्थकी लागेल.

आणि माग मध्येच तुटला, तर विद्यार्थ्याने ‘येथपर्यंत गेलो, पुढे सापडले नाही’ असे लिहावे. त्या ओळीला पूर्ण गुण द्यावेत. त्या नववीतल्या मुलीला आम्ही पुढच्या भेटीत तेच उत्तर दिले.