कुंडीतली कीड आणि कोष्टकातला उपाय

बागकामाच्या सदरांतून, पुस्तिकांतून आणि आता मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतूनही एक कोष्टक वारंवार भेटते. डावीकडे किडीचे नाव, मधे लक्षण आणि उजवीकडे उपाय. घरातले किंवा वर्गाच्या खिडकीतले झाड मलूल दिसले, की हे कोष्टक काढावे आणि उजवीकडचे औषध फवारावे, अशी रीतच पडून गेली आहे. या कोष्टकांविषयी आमची एक मूलभूत तक्रार आहे. त्यांत उपाय भरपूर असतात. कीड ओळखायची कशी, हे मात्र नसते. विज्ञान शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने ही उणीव किरकोळ नाही.

मधल्या रकान्यापासूनच सुरुवात करू. ‘पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते’ हे लक्षण मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड, पांढरी माशी आणि कोळी या सर्वांपुढे थोड्याफार फरकाने लिहिलेले असते. ते खोटे नाही. हे सारे जीव पानातला रस शोषतात, तेव्हा परिणाम सारखाच दिसणार. पण जे लक्षण पाचही ठिकाणी लागू पडते, त्यावरून पाचांतला एक निवडायचा कसा? शिवाय पाणी जास्त होऊन मुळे कुजू लागली तरी पाने पिवळीच पडतात. तिथे कीडच नसते, आणि फवारणी मात्र होते.

खरे तर फरक सांगणाऱ्या खुणा साध्या आहेत. मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी आणि काही खवले किडी गोड चिकट स्राव टाकतात. पाने हाताला चिकट लागतात, त्यांवर काजळीसारखी काळी बुरशी धरते आणि मुंग्यांची ये-जा सुरू होते. कोळी आणि फुलकिडे असा चिकटा टाकत नाहीत. कोळ्यांमुळे पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके येतात व पुढे बारीक जाळी दिसते. फुलकिड्यांमुळे पानावर चंदेरी चट्टे आणि काळे ठिपके उमटतात. बोट लावून पाहण्याइतकी ही सोपी परीक्षा आहे, पण कोष्टकात तिला क्वचितच जागा मिळते.

आता नावांकडे पाहू. शेतकऱ्यांनी दिलेली काही नावे अतिशय नेमकी आहेत. ‘पिठ्या ढेकूण’ म्हणताच अंगावरची पांढरी भुकटी आणि सोंड खुपसून शोषण्याची सवय दोन्ही कळतात. आणि वर्गीकरणातही हा कीटक ढेकणाच्याच गणातला आहे. याउलट ‘पांढरी माशी’ ही माशी नव्हेच. तिला पंखांच्या दोन जोड्या असतात, माशीला एकच. तिची पिल्ले पानाच्या मागे चिकटून एका जागी बसतात. त्यामुळे उडणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांवर फवारा मारून फारसे साधत नाही. पानाची मागची बाजू भिजली पाहिजे.

‘लाल कोळी’ हे नावही बरोबर आहे, कारण हा जीव कीटक नाही. त्याला आठ पाय असतात आणि त्याचे नाते कोळ्याशी व गोचिडीशी आहे. तरीही पुष्कळ कोष्टकांत तो कीटकांच्या रांगेत बसवलेला असतो आणि त्याच्यापुढे सर्वसाधारण कीटकनाशक सुचवलेले असते. अनेक कीटकनाशके त्याच्यावर नीट चालत नाहीत. काहींच्या वापरानंतर तर कोळी वाढल्याचे आढळते. हा जीव जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. त्याला उष्ण व कोरडी हवा मानवते, आणि तशा हवेत त्याची पिढी आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. पाने, विशेषतः त्यांची मागची बाजू, पाण्याच्या धारेने वरचेवर धुणे हा त्यावरचा पहिला उपाय. आठ पाय मोजता आले असते, तर औषधाचा खर्च वाचला असता.

किडीचा भास होण्याचे प्रसंगही कमी नाहीत. नेच्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके पाहून त्याला खवले कीड लागली असे समजून पाने कापली जातात. वास्तविक ते बीजाणूंचे पुंजके असतात; नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला त्यांची आकृती पाठ असते! पुंजके शिरांच्या कडेने ओळीत व ठरावीक अंतराने असतात. खवले कीड वेडीवाकडी विखुरलेली असते, देठावरही बसते आणि नखाने उचलून निघते. तसेच क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग पुष्कळदा पिठ्या ढेकूण किंवा बुरशी समजले जातात. ओल्या फडक्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून पुसले की त्यांचा उलगडा होतो.

कुंडीभोवती घोंगावणाऱ्या काळ्या चिलटांची गोष्ट निराळी. त्यांच्या अळ्या ओल्या मातीतली बुरशी आणि कुजका पाला खातात. फार झाल्या तर कोवळी मुळेही कुरतडतात. ही चिलटे म्हणजे पाणी जास्त होत असल्याची सूचना होय. मातीचा वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर वाळू द्यावा आणि मगच पाणी घालावे. बटाट्याची चकती मातीवर ठेवून दोन-तीन दिवसांनी उलटून पाहिली, तर खाली अळ्या दिसतात. उडणारी चिलटे मोजायला पिवळा चिकट कागद उपयोगी पडतो.

उजव्या रकान्यातल्या ‘घरगुती’ उपायांबद्दलही दोन शब्द. साबणाचे पाणी खरोखर उपयोगी आहे, पण ते अंगावर पडलेल्या मऊ किडीलाच मारते. वाळले की त्याचा प्रभाव संपतो आणि अंडी बहुधा बचावतात. म्हणून पाच-सात दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा फवारावे लागते. कपड्याच्या धुलाईची पावडर म्हणजे साबण नव्हे. तिने पाने करपू शकतात. कोणतेही पाणी आधी एका पानावर लावून दोन दिवस थांबावे. कडुनिंबातील अझाडिरॅक्टिन किडीची कात टाकण्याची क्रिया बिघडवते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली, तर उपाय फसला असे ठरत नाही. तंबाखूचा काढा मात्र ‘नैसर्गिक’ म्हणून सुचवला जातो, तो आम्हांला अजिबात मान्य नाही. निकोटिन हे तीव्र विष आहे आणि ते कातडीतूनही शरीरात जाते.

खरा धोका यापुढचा आहे. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातली कीटकनाशके ज्या विकराला रोखून किडीचे मज्जातंतू बिघडवतात, तेच विकर माणसाच्या शरीरातही आहे. त्यांपैकी डायक्लोरव्हॉस सामान्य तापमानालाही हवेत मिसळते. भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर पूर्ण बंदी आहे. पण जुने लिखाण आणि अडगळीतली जुनी बाटली कायद्याने आपोआप नाहीशी होत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उघड्या शेतात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. वर्गाची किंवा निजायची खोली तर बंदिस्त असते, आणि तिथे मुले असतात. चार ढेकणांसाठी, जे स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपता येतात, ही जोखीम कशासाठी?

ओळखीचा आग्रह हा केवळ पंडिती काटेकोरपणा नव्हे, हे पटायला शेतीतले एक उदाहरण पुरेसे आहे. १९७० च्या दशकात आफ्रिकेत कसाव्यावर, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्या पिकावर, पिठ्या ढेकणाने हाहाकार उडवला. पीक मूळचे दक्षिण अमेरिकेचे, म्हणून किडीचे नैसर्गिक शत्रू तिकडे शोधण्यात आले. खंडाच्या उत्तर भागात अगदी तसाच ढेकूण सापडला. पण त्याच्यावर जगणारे शत्रू आफ्रिकेतल्या किडीला लागू पडेनात. ती जातच वेगळी होती. खरी जात १९८१ साली पॅराग्वेत सापडली. तिच्यावर जगणारी एक इवलीशी गांधीलमाशी आफ्रिकेत सोडल्यावर कीड आटोक्यात आली. या कामासाठी हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दोन्ही ढेकूण ‘पिठ्या’च होते, कोट्यवधी लोकांचे अन्न त्यांच्यातल्या फरकावर अवलंबून होते.

तेव्हा कोष्टक टाकून द्यावे असे आमचे म्हणणे नाही. त्यात दोन रकाने वाढवावेत. पहिला, ‘कशावरून ओळखले?’ आणि दुसरा, ‘आठ दिवसांनी काय दिसले?’ शिक्षकांनी शाळेतल्या कुंड्यांपासूनच हे काम सुरू करावे. साहित्य फार लागत नाही : एक भिंग, पांढरा कागद आणि वही. पान कागदावर झटकावे, पडलेले ठिपके हलतात का पाहावे, पाय मोजावेत, चिकटा आहे का तपासावे. बाधित कुंडी वेगळी ठेवावी. दोन सारख्या कुंड्यांपैकी एक नुसत्या पाण्याने आणि दुसरी साबणाच्या पाण्याने धुऊन दर आठवड्याला किडी मोजाव्यात. बाजारातले औषध घेण्याची वेळ आलीच, तर वेष्टनावरच्या त्रिकोणाचा रंग मुलांना दाखवावा : लाल सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. लाल-पिवळ्याला शाळेत प्रवेश नसावा.

एवढे करूनही एखादे झाड जाईल. त्या कुंडीच्या नोंदी वहीत असतील, तर ते का गेले हे मुलांना सांगता येईल, आणि शेजारची कुंडी वाचवताही येईल.