'स्वमग्न' या शब्दाची मर्यादा : ऑटिस्टिक प्रौढाचे सामाजिक भय आणि मराठी कलाकृती

प्रस्तावना

ऑटिझमविषयी मराठीत गेल्या दोन-अडीच दशकांत जे लेखन झाले, ते प्रामुख्याने पालक, विशेष शिक्षक आणि डॉक्टर यांनी केलेले आहे. साहजिकच त्याच्या केंद्रस्थानी मूल आहे. ते उशिरा बोलते, नजर टाळते, एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळते, हे त्यातून वाचकाला कळते. पण हेच मूल पुढे तीस-चाळीस वर्षांचे होते, नोकरी शोधते, लोकलने प्रवास करते, सोसायटीच्या सभेला बसते आणि या प्रत्येक ठिकाणी माणसांना भिते. या भयाची दखल मराठी साहित्याने आणि मराठी माणसाच्या परिचयातील चित्रपटाने कितपत घेतली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे एक मर्यादा प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे. साहित्यातील पात्रांना वैद्यकीय निदान चिकटवणे हे समीक्षेचे काम नव्हे. चारचौघांत अवघडणारा माणूस दिसला की आपली भाषा आणि आपल्या कलाकृती त्याला कोणत्या साच्यात बसवतात, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

शब्दाचा विचार

'ऑटिझम' या शब्दाच्या मुळाशी 'स्व' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात तो घडवला. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करताना आणि हान्स आस्पर्गर यांनी १९४४ साली तो वेगळ्या अर्थाने योजला. मराठीत त्यासाठी 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आणि शासकीय व्यवहारातही स्थिरावला.

'मग्न' या शब्दाला मराठीत एक सुखद छटा आहे. ध्यानमग्न, आनंदमग्न, कार्यमग्न अशा सामासिक शब्दांत बुडून जाण्याचे समाधान सूचित होते. परिणामी 'स्वमग्न' म्हटले की इतरांची पर्वा नसलेला, आपल्यातच रमलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. ऑटिस्टिक प्रौढांच्या आत्मकथनांतून मात्र निराळे चित्र दिसते. टेंपल ग्रँडिन या प्राणिशास्त्रज्ञ लेखिकेने भीती ही आपल्या जीवनातील प्रमुख भावना असल्याचे वारंवार लिहिले आहे. ऑटिस्टिक प्रौढांमध्ये सामाजिक भयाचे प्रमाण बरेच मोठे असल्याचे संशोधनही सांगते. काही लहान अभ्यासांत ते निम्म्यापर्यंत आढळले आहे. ज्याला इतरांची पर्वाच नाही, तो इतरांना भिणार कसा? शब्द आणि वास्तव यांतील ही विसंगती मूलभूत आहे.

या युक्तिवादावर एक आक्षेप संभवतो. सामाजिक भयाचे जे प्रतिमान क्लार्क आणि वेल्स यांनी १९९५ साली मांडले, त्यानुसार भयग्रस्त माणसाचे लक्ष संभाषणावरून उडून स्वतःवरच खिळते. आपला आवाज कापतो आहे का, हात कुठे ठेवावेत, आपण कसे दिसतो आहोत, या विचारांनी तो व्यापलेला असतो. या अर्थी तो 'स्वमग्न' आहेच, असे कोणी म्हणेल. आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. पण हा 'स्व' त्याचा स्वतःचा नसतो. इतरांच्या डोळ्यांतून पाहिलेला, इतरांच्या मापाने मोजलेला असतो. त्यात रमणे नसून पहारा देणे असते.

तीन साचे

बुजरा, घुमा, एकलकोंडा, माणूसघाणा, मुखदुर्बळ, शिष्ट असे शब्द मराठीत विपुल आहेत. त्यांपैकी बहुतेक शब्द बाहेरून पाहणाऱ्याचे आहेत. बोलणे टाळणाऱ्याला 'शिष्ट' म्हणणारा त्याच्या घशाला पडलेली कोरड पाहत नाही. 'भीड' हा शब्द काहीसा अपवाद, कारण त्यात दुसऱ्याच्या अस्तित्वाचा दाब मान्य केलेला आहे. पण 'भीड भिकेची बहीण' ही म्हण त्या दाबालाही दोषच ठरवते. याउलट 'सभाधीटपणा' हा गुण मानला जातो. साहित्यात आणि चित्रपटात या शब्दसंग्रहाचेच तीन साचे झालेले दिसतात.

पहिला साचा वल्लीचा. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) मधील सखाराम गटणे रोजच्या बोलण्यातही ग्रंथातली भाषा वापरतो. लेखकाला त्याच्याविषयी वाटणारा स्नेह निर्विवाद आहे, आणि म्हणूनच हे व्यक्तिचित्र टिकले. परंतु वाचकाच्या हसण्याचा आधार भाषेचा स्तर चुकण्यात आहे. प्रसंगानुरूप भाषा आपोआप सुचत नसेल, तर छापील भाषा हा माणसाचा एक आधार असू शकतो. बोलण्यापूर्वी तयार असलेले वाक्य त्याला सुरक्षित वाटते. ही शक्यता विनोदी व्यक्तिचित्राच्या चौकटीत मावत नाही. वल्लीला लकबी असतात. त्या लकबीची किंमत मोजणारे अंतरंग सहसा दिसत नाही.

दुसरा साचा परात्म नायकाचा. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला येतो आणि माणसांच्या गजबजाटात एकटा पडतो. मराठी कादंबरीतील एकटेपणाचे हे सर्वांत प्रभावी रूप. पण सांगवीकराच्या तुटलेपणात एक नकार आहे. जगाचे नियम त्याला कळतात आणि पोकळ वाटतात. ऑटिस्टिक प्रौढाची अडचण बरोबर उलटी असते. नियम पोकळ की भरीव हे ठरवण्याआधी ते कोणते, हेच त्याला शोधावे लागते. तोवर इतरांनी त्याच्याविषयी मत बनवलेले असते. 'कोसला'नंतरच्या समीक्षेने एकटेपणाला इतके तात्त्विक वजन दिले की साध्या भीतीने आलेला एकटेपणा तिला क्षुल्लक वाटावा.

तिसरा साचा निरागसाचा. संजय सूरकर दिग्दर्शित 'चौकट राजा' (१९९१) मधील नंदू बालपणीच्या अपघातामुळे मनाने लहानच राहिलेला प्रौढ आहे. त्याची स्थिती ऑटिझमची नव्हे. तथापि मानसिक भिन्नता म्हणजे निरागसता, हे समीकरण मराठी प्रेक्षकाच्या मनात दृढ करण्यात या चित्रपटाचा वाटा आहे. करण जोहर यांच्या 'माय नेम इज खान' (२०१०) या हिंदी चित्रपटात आस्पर्गर सिंड्रोम असलेला प्रौढ प्रथमच एवढ्या मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे आला. रिझवान खान बोरिवलीत वाढतो. पण त्याच्या स्थितीला नाव मिळते ते अमेरिकेत भावाकडे गेल्यावर, मानसशास्त्र शिकवणाऱ्या भावजयीकडून. मुंबईच्या उपनगरात माणूस निदानाविना मोठा होतो, हे चित्रपटाने अचूक टिपले. पिवळ्या रंगाची आणि गोंगाटाची त्याला होणारी बाधाही त्यात आहे. मात्र पुढे तो देशभर फिरून राष्ट्राध्यक्षांना भेटणारा नैतिक नायक होतो. त्याला भीती वाटते ती रंगाची आणि आवाजाची. लोक आपल्याला काय म्हणतील याची नाही. निरागसाला लोकभय नसते, हा या साच्याचा नियम येथेही पाळला गेला आहे.

कळवा : एक कसोटी

हे साचे अपुरे का पडतात, हे पाहण्यासाठी एखादा प्रत्यक्ष परिसर घेणे उपयुक्त ठरेल. ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यामध्ये वसलेले कळवा हे ठाणे आणि मुंब्रा यांमधील स्थानक. येथे मुख्यतः धीम्या गाड्या थांबतात. लोकलच्या डब्यातील गर्दी हे ऑटिस्टिक प्रौढाच्या भयाचे मुख्य कारण, असे बाहेरच्याला वाटेल. आवाज, घाम आणि धक्के यांचा त्रास खराच. पण गर्दीत कोणी कोणाशी बोलावे अशी अपेक्षा नसते. अपेक्षा सुरू होते ती डब्यातील 'ग्रुप'पाशी. ठरलेली जागा, वाढदिवसाचे पेढे, भजन, दसऱ्याची डब्याची पूजा यांतून मुंबईच्या लोकलने एक कुटुंबच उभे केले आहे. त्या कुटुंबात शिरण्याचे नियम कुठेही लिहिलेले नाहीत.

चाळीच्या किंवा सोसायटीच्या जिन्यातही हेच. 'काय, कुठे निघालात?' हा प्रश्न माहितीसाठी नसून ओळख देण्यासाठी असतो. त्याला खरेखुरे सविस्तर उत्तर दिले तर समोरचा चमकतो आणि न दिले तर माणूस 'शिष्ट' ठरतो. स्त्रियांच्या बाबतीत ही परीक्षा अधिक कडक होते. हळदीकुंकू, डोहाळजेवण आणि विशेषतः पाहण्याचा कार्यक्रम यांत नजर, आवाज, हसू यांचे गुण उघडपणे मोजले जातात. स्त्रिया आपला ऑटिझम अनुकरणाने अधिक झाकतात आणि म्हणून त्यांचे निदान उशिरा होते, हे आता सर्वमान्य होत आहे. या झाकण्यासाठी इंग्रजीत 'मास्किंग' हा शब्द रूढ असून त्याचा भय आणि थकवा यांच्याशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे.

परिसराची अर्थव्यवस्थाही येथे विचारात घ्यावी लागते. कळवा आणि ठाणे-बेलापूर पट्टा ही कारखान्यांची भूमी. यंत्रापाशी आठ तास अबोलपणे अचूक काम करणाऱ्याला तेथे स्थान होते. कळव्यातील मफतलालसारखा कारखाना बंद पडला आणि रोजगाराचा भर सेवाक्षेत्राकडे सरकला. तेथे मुलाखत, गटचर्चा आणि 'कम्युनिकेशन स्किल' ही प्रवेशद्वारे झाली. माणूस बदलला नाही. त्याला मोजण्याचे माप बदलले.

मदत मागण्याच्या वाटेवरही एक शब्द आडवा येतो. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. त्यामुळे 'ठाण्याला पाठवायला हवे' ही मुंबईकरांची जुनी थट्टा. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली त्याच शहरात 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' स्थापन करून मानसिक आरोग्याविषयी वेगळी भाषा रुजवली, हे त्या थट्टेला मिळालेले महत्त्वाचे उत्तर होय.

भय कितपत अवास्तव?

सामाजिक भयावरील रूढ उपचार असे गृहीत धरतात की, भीती अतिरंजित आहे. लोक वाटते तितके कठोर नसतात. ऑटिस्टिक प्रौढाबाबत हे गृहीतक तपासून घ्यावे लागते. नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांच्या २०१७ मधील अभ्यासात ऑटिस्टिक व्यक्तींची काही सेकंदांची चित्रफीत पाहूनच इतरांनी त्यांच्याविषयी प्रतिकूल मत बनवले. बोलण्याचा केवळ लिखित मजकूर दाखवला, तेव्हा तो फरक नाहीसा झाला. म्हणजे नापसंती आशयाला नव्हती. सुराला, नजरेला, हालचालीला होती. डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलेला 'दुहेरी सहानुभूती'चा विचारही हेच सुचवतो की, न समजणे दोन्ही बाजूंनी असते. दोष मात्र एकाच बाजूच्या खात्यावर पडतो. तेव्हा हे भय पुष्कळदा अनुभवाने शिकवलेले ज्ञान असते.

मराठी परंपरेत याचा एक बोलका दाखला आहे. 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणांत, दोघे बोलत असताना तेथे जाऊन बसणाऱ्या तिसऱ्याचा समावेश आहे. समर्थांनी अलिखित नियम लिहून ठेवला, ही नियम शोधणाऱ्यासाठी मोठीच सोय. पण तो मोडणाऱ्याला त्याच ओवीत 'मूर्ख' हे नावही मिळाले. नियम सांगणे आणि नियम न कळणाऱ्याची निर्भर्त्सना करणे या दोन गोष्टी आपल्या संस्कृतीत आजही एकत्रच येतात.

याच्या विरुद्ध टोकाला कॅनर यांच्या पहिल्या अकरा मुलांपैकी डोनाल्ड ट्रिपलेट यांचे आयुष्य आहे. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावात त्यांनी बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळले, प्रवास केला आणि २०२३ साली ते वारले. कुटुंब सधन होते, हे खरे. पण गावाने त्यांच्या तऱ्हा ओळखीच्या मानल्या, हेही तितकेच खरे.

एक वेगळी वाट

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या चित्रपटाला २०१६ सालासाठीचे सुवर्णकमळ मिळाले. त्याचा विषय नैराश्य आहे, ऑटिझम नव्हे. तरीही प्रस्तुत विवेचनात तो महत्त्वाचा ठरतो. जानकी या स्त्रीच्या घरी आलेल्या तरुणावर बोलण्याची सक्ती होत नाही. तो गप्प राहू शकतो, रागावू शकतो, आणि तरीही त्याच्या जेवणाचे ताट वाढलेले असते. कासवाच्या अंड्यांची राखण करताना जसे योग्य अंतर पाळावे लागते, तसे अंतर येथे मायेचाच भाग होते. वरील तीन साच्यांत समाज माणसाला हसतो, गौरवतो किंवा त्याची कीव करतो. येथे तो केवळ वाट पाहतो. मात्र जानकीकडे घर आहे, अवकाश आहे, सवड आहे. कळव्यातील दोन खोल्यांत हे अंतर कसे पाळावे, याचे उत्तर 'कासव' देत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून असे दिसते की, मराठी कलाकृतींनी अवघडलेला माणूस पाहिला. त्याचे भय आतून पाहिले नाही. 'स्वमग्न' या शब्दाने ही उणीव झाकली, कारण ज्याला आपल्यातच सुख आहे त्याचे भय शोधण्याची गरज उरत नाही. अलीकडे मराठीतही 'ऑटिझम', 'ऑटिस्टिक' हे शब्द सर्रास येतात. त्यांच्याही पोटात तोच 'स्व' आहे. परंतु मराठी कानाला त्यात दोषारोप ऐकू येत नाही, हा लाभ लहान नाही.

याचा महाविद्यालयाशी थेट संबंध आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य अपंगत्वांची संख्या सातवरून एकवीसवर नेली आणि त्यांत ऑटिझमचा समावेश केला. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय अपंगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव ठेवण्याची तरतूद त्यात आहे. परंतु ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, किंबहुना ज्याला आपल्या स्थितीचे नावच ठाऊक नाही, असा विद्यार्थी कायद्याच्या बाहेरच राहतो. तो वर्गात शेवटच्या बाकावर बसतो, उत्तरपत्रिका नेटकी लिहितो आणि मौखिक परीक्षेत गुण गमावतो. तेथे आपण विषयाचे ज्ञान मोजतो की सभाधीटपणा, हा प्रश्न प्रत्येक परीक्षकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे. प्रश्न आधी लेखी देणे, उत्तरासाठी क्षणभर अधिक थांबणे, नजर न मिळवण्याला उद्धटपणा न समजणे, यांसाठी कोणत्याही प्रमाणपत्राची किंवा निधीची आवश्यकता नाही.