यंत्र आधी कुणाच्या हातात? प्रभूंचं पुस्तक आणि आजचा इंग्रजीचा तास

मंडळी, पत्रिकेवर विषय जरा भारदस्त छापला गेलाय, 'इंग्रजी अध्यापनाच्या पद्धती आणि तंत्रज्ञान'. एवढा मोठा डोंगर आम्ही तासाभरात उचलणार नाही. एक पुस्तक आणि एक यंत्र, एवढंच घेऊन बसू. पुस्तक एन. एस. प्रभूंचं, 'सेकंड लँग्वेज पेडगॉजी', १९८७ सालचं. यंत्र तुमच्या खिशातच आहे. मोबाइलवरचं इंग्रजी शिकवणारं अ‍ॅप.

आधी यंत्राचं घराणं बघू. आम्ही नोकरीला लागलो त्या कॉलेजात भाषा-प्रयोगशाळा होती. लाकडी कप्पे, प्रत्येक कप्प्यात हेडफोन, मध्ये सरांचं टेबल. किल्ली शिपायाकडे. तपासणी समिती यायची असली की धूळ झटकायची, समिती गेली की कुलूप. (हशा) हसताय, पण ज्या दिवशी ती उघडायची त्या दिवशीसुद्धा फार काही घडत नसे. टेपवरचा आवाज एक वाक्य म्हणायचा, मुलांनी त्यातला एक शब्द बदलून तेच वाक्य परत म्हणायचं. पेनच्या जागी पुस्तक, पुस्तकाच्या जागी टेबल. भाषा म्हणजे सवय, आणि सवय घोटून लागते, असा त्यामागचा हिशोब. अमेरिकेत स्किनरनं १९५० च्या दशकात शिकवण्याचं यंत्रच मांडलं होतं. छोटी पायरी, लगेच उत्तर, बरोबर आलं की लगेच शाबासकी. १९५९ मध्ये चॉम्स्कीनं स्किनरच्या भाषेवरच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं आणि या हिशोबाचा पायाच हलवला.

पण ही बातमी यंत्रापर्यंत पोचली नसावी. २०१२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं ड्युओलिंगो उघडून बघा. छोटी पायरी, लगेच उत्तर, टिंग वाजलं की शाबासकी, आणि रोज आलात तर दिवसांची साखळी. त्यात बरंचसं काम भाषांतराचं. आपल्या आजोबांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून तेच केलं होतं, फक्त त्यांना नाणी मिळत नव्हती. तर्खडकरांची टिंगल आम्हाला करायची नाही. त्या पाठमालांवर शिकलेली माणसं इंग्रजी ग्रंथ वाचायची, ही गोष्ट काही लहान नाही. आमचं म्हणणं इतकंच की पडदा नवा आहे म्हणून पद्धत नवी आहे, असं धरून चालू नका. नवीन यंत्र दिसलं की आम्ही शिक्षक मंडळी नेमकं हेच धरून चालतो.

आता प्रभूंकडे येऊ. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत त्यांनी एक प्रयोग चालवला. बंगलोर प्रकल्प म्हणून तो जगभरच्या इंग्रजी-शिक्षकांना माहीत आहे, आपल्याकडे मात्र बी.एड.च्या नोट्समध्ये दोन ओळींत उरकला जातो. साध्या शाळा, फळा, खडू, भरलेला वर्ग. प्रभूंचं म्हणणं असं की मुलाचं लक्ष भाषेवर नसून अर्थावर असतं, तेव्हा व्याकरण आत नकळत बसत जातं. म्हणून धडा नाही, वाक्यांचे साचे नाहीत. द्यायचं एक कोडं, डोकं चालवायला लावणारं. नकाशा, रेल्वेचं वेळापत्रक, असलं काहीतरी.

त्या धर्तीवर आमचं एक उदाहरण घ्या. फळ्यावर तीन गाड्यांच्या वेळा. एका माणसाला पुण्याहून निघून दुपारी बाराच्या आत सोलापूर गाठायचंय, वाटेत कुर्डुवाडीला तासभराचं काम आहे. कोणती गाडी? बाई आधी एक कोडं सगळ्या वर्गाबरोबर इंग्रजीतून सोडवतात, मग दुसरं मुलांना देतात. मागच्या बाकावरचा एक जण उठतो आणि म्हणतो, 'ही गो मॉर्निंग ट्रेन.' बाई म्हणतात, 'येस, ही विल गो बाय द मॉर्निंग ट्रेन. व्हाय?' बस्स. चूक दाखवली नाही, वाक्य सुधारून परत दिलं आणि पुढे गेल्या, कारण पोराचं उत्तर बरोबर होतं. गाडी बरोबर निवडली होती त्यानं. आमच्या अ‍ॅपनं तिथे लाल रंग दाखवला असता.

गंमत म्हणजे, प्रभू गटकार्याच्या बाजूचे नव्हते. मुलांनी आपसात मोडकं इंग्रजी बोलत बसण्यापेक्षा बाईंचं इंग्रजी त्यांच्या कानावर पडावं, असा त्यांचा आग्रह. आजच्या कार्यशाळांत चार-चार बाकं जोडायला सांगतात, त्यांना हे सांगून बघा.

मात्र इथेच पुस्तकाची दुखरी जागा आहे. सगळी मदार बाईंवर. ती दुरुस्ती क्षणात, न अडखळता बाईंच्या तोंडून आली पाहिजे. प्रकल्पात सुरुवातीला काम करणारी माणसं तयारीची होती. नंतर नेहमीचे शिक्षक आले तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना ही पद्धत पेलली नाही, हे बेरेटा यांनी पुढे केलेल्या अभ्यासात नोंदवलंय. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. शिकवायचं कुणी? ज्या बाई स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकल्या, मराठीतून डी.एड. झाल्या आणि दिवसभर गणित, परिसर, मराठी सगळं शिकवतात, त्यांनीच. त्यांना वेळापत्रकाचं कोडं द्या म्हणणं सोपं आहे. वर्गासमोर इंग्रजीत अडखळण्याची भीती कुणालाही गप्प करते. मग स्मार्ट टीव्ही लावला की सुटका होते. टीव्ही बोलतो, मुलं एका सुरात म्हणतात, बाई रिमोट धरून उभ्या. त्यात बाईंना दोष द्यायला आमची जीभ वळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ते जुनं झालं. आजचं बोलणारं यंत्र 'ही गो' ऐकूनही गाडीबद्दलच बोलतं, वाक्य हळूच सुधारून देतं. खरंय. आम्ही करून पाहिलंय, आणि खोटं कशाला बोला, दचकलोच. प्रभूंच्या बाईंचं अर्धं काम ते करतं. मग ते मुलांच्या हातात का नको?

कारण उरलेलं अर्धं. प्रभूंनीच १९९० मध्ये एक लेख लिहिला, सर्वोत्तम पद्धत का नसते यावर. त्यात ते शिक्षकाच्या आतल्या जाणिवेबद्दल बोलतात. शिकवल्यानं शिकणं कसं घडतं, याचं आपल्याला पटलेलं एक चित्र. ते जिवंत असेल तर कुठलीही पद्धत चालते, मेलं की सगळ्याच पद्धती मेल्या. सोलापूरच्या गाडीत रस नाही पण उसाच्या ट्रॉलीच्या खेपा मोजण्यात आहे, हे चाळीस पोरांकडे बघून ठरवायचंय, आणि ते रिमोट धरलेल्या हाताला जमत नाही. मुलाच्या हाती थेट यंत्र दिलं की बाईंचं इंग्रजी आहे तिथेच राहतं आणि ही जाणीवही झोपते. पुढच्या वर्षी नवीन यंत्र, परत तेच.

म्हणून आम्ही उलट मागतोय. यंत्र आधी बाईंना द्या. रात्री घरी, कुणी हसणार नाही अशा ठिकाणी, त्याच्याशी अर्धा तास बोलू द्या. उद्याचं कोडं त्याच्यावर चालवून बघू द्या, 'ही गो'ला काय म्हणायचं ते दहादा म्हणू द्या. ते कंटाळत नाही, मुख्याध्यापकांना सांगत नाही. आणि त्यासाठी शाळेच्या वेळापत्रकात आठवड्याचे दोन तास मोकळे हवेत. टॅब खरेदीचा जीआर निघतो, या दोन तासांचा निघालेला आम्ही पाहिला नाही. इथे शिक्षण विभागातली कुणी मंडळी बसली असतील तर प्रश्नोत्तरांत आधी त्यांना बोलू द्या.