तोंडावरून कुळाची पारख

‘कोळी-खेकडा’ म्हटले की कोकणातल्या मुलांना आधी कोळीवाडा आठवेल. येथे कोळी म्हणजे जाळे विणणारा. पुढे निमुळते होणारे कवच आणि लांबसडक पाय यांवरून हे नाव पडले. पण कोळ्याला पाय आठ, खेकड्याला नांग्या धरून दहा. म्हणजे नाव दिसण्यावरून आले, नात्यावरून नव्हे.

शास्त्रज्ञांचेही दीर्घकाळ असेच झाले होते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९५ साली भारतीय समुद्रांतील ‘ऑक्सिऱ्हिंका’, म्हणजे टोकदार तोंडाच्या खेकड्यांवर प्रबंध लिहिला. त्यातली वर्णने काटेकोर आहेत. आमचा आक्षेप आहे तो टोपलीला. कोळी-खेकड्यांसोबत त्यांनी पार्थेनोपिडी हे लांब नांग्यांचे खेकडेही तिच्यात घातले, कारण दोघांचे तोंड निमुळते. पुढे अंड्यांतून निघणारी पिल्ले वाढवून पाहिल्यावर निराळेच दिसले. कोळी-खेकड्यांचे पिल्लू ‘झोइया’ नावाच्या तरंगत्या रूपाच्या दोनच अवस्थांतून जाते. पार्थेनोपिडींत त्या अधिक असतात. आज ही दोन वेगळी अधिकुले मानतात. अर्थात, स्पिरिटात बुडवलेल्या नमुन्यांवर काम करणाऱ्या अल्कॉकना यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल.

आजच्या मुलांच्या पुस्तकांना मात्र ही सवलत आम्ही देणार नाही. माजॉइडिया या अधिकुलात नऊशेहून अधिक जाती आहेत, आणि पानावर असतो एकटा जपानी राक्षसी खेकडा, पसरलेल्या पायांच्या टोकांमधले अंतर ३.७ मीटरपर्यंत! त्याला इनाकिडी कुलात ठेवावे की स्वतंत्र कुल द्यावे, हा वाद त्या पानावर येतच नाही. लहानपणी हाच प्राणी आकड्यासारख्या केसांत स्पंज वगैरे अडकवून स्वतःला लपवतो, हेही नाही. अधिकुलातल्या कितीतरी जाती हा उद्योग करतात, आणि वर्गात सांगण्याजोगी गोष्ट खरे तर हीच.

कधी शेजारी अलास्काच्या किंग क्रॅबचेही चित्र असते, भाऊबंद असल्यासारखे. शिक्षकांनी मुलांना त्याचे पाय मोजायला सांगावे. नांग्या धरून आठच भरतात. शेवटची इवलीशी जोडी कवचाखाली दुमडलेली असते. त्याचे नाते शंखात राहणाऱ्या साधू-खेकड्यांशी आहे.